पैसे कापले पण ऑर्डर दिसेना: ऑनलाइन पेमेंटच्या ऑटोमॅटिक टेस्ट लिहायच्या कशा

पेमेंटच्या टेस्ट लिहायच्या म्हटलं की बहुतेक जण पहिली टेस्ट लिहितात ती "कार्ड टाकलं, पैसे गेले, थँक्यूचं पेज आलं" ही, आणि ती हिरवी (म्हणजे पास) झाली की झालं काम म्हणून सोडतात. माझं म्हणणं आहे ती शेवटी लिहा. तो रस्ता तुम्ही, तुमचा क्लायंट, दुकानातली पोरं सगळे रोज हाताने बघतच असतात, तो मोडला तर पाच मिनिटात फोन येतंय. ज्याचा फोन तीन दिवसांनी येतंय आणि माणूस रागात असतंय, तो भाग म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातनं पैसे गेले आणि तुमच्या सर्व्हरला उत्तरच मिळालं नाही हा. पहिली टेस्ट ह्याची पाहिजे.

समजा बेळगावच्या खडेबाजारातलं एक कुंद्याचं (इथली दुधाची मिठाई) दुकान ऑनलाइन ऑर्डर घेतंय. गिऱ्हाईक जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या बसमधे बसलाय, यूपीआयचा पिन टाकला, बस जंगलात शिरली आणि रेंज गेली. खानापूरच्या जंगलाकडल्या गावातनं ऑर्डर घ्यायच्या असतील तर हा प्रकार "कधीतरी होणारा" नाही ओ, रोजचाच आहे, आणि बेंगळुरूच्या ऑफिसात फास्ट वायफायवर बसून लिहिलेल्या टेस्टमधे तो दिसतच नाही.

एका यूपीआय पेमेंटमधे किती जण असतात बघा की: गिऱ्हाइकाचं ॲप, त्याची बँक, मधे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेचा स्विच, दुकानाच्या बाजूची बँक, पेमेंट गेटवे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणारी रेझरपेसारखी कंपनी), आणि सगळ्यात शेवटी तुमचा सर्व्हर. यातला कुठलाही सांधा पैसे कापल्यानंतर आणि तुम्हाला कळायच्या आधी तुटू शकतोय. म्हणून पेमेंटची उत्तरं दोन नसतात, तीन असतात: झालं, नाही झालं, आणि अजून माहीत नाही. आरबीआयने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात हे तिसरं उत्तर धरूनच नियम केलाय, खात्यातनं पैसे गेले पण व्यापाऱ्याकडे कन्फर्मेशन पोचलं नाही तर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत जायला पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे तुमच्या डेटाबेसमधे ऑर्डर कित्येक दिवस "पेंडिंग" राहू शकते आणि तुमचा कोड त्याला तयार पाहिजे. ज्या कोडमधे पेमेंटचा कॉलम फक्त हो-नाही असा आहे त्याला टेस्ट लिहायच्या आधी तो कॉलम बदला, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

आधी चाव्या आणि डेटा

गेटवे तुम्हाला टेस्ट मोडच्या आणि लाइव्ह मोडच्या (खऱ्या पैशांच्या) वेगवेगळ्या की, म्हणजे चाव्या, देतंय. रेझरपे आणि स्ट्राइप दोघांच्याही की मधे ती टेस्टची आहे की लाइव्हची हे आतच लिहिलेलं असतंय. त्याचा फायदा घ्या, टेस्ट सुरू व्हायच्या आधी एक चेक टाका की लाइव्ह की दिसली तर सगळं तिथंच थांबवायचं, एकही टेस्ट चालवायची नाही. दहा ओळींचं काम आहे पण खऱ्या माणसाच्या खात्याला हात लागायची भीती कायमची जाते.

खरं कार्ड, मग ते तुमचं स्वतःचं का असेना, टेस्टमधे घालायचं नाही. स्ट्राइपचं ४२४२ ४२४२ ४२४२ ४२४२ हे कार्ड नेहमी पास होतंय आणि ४००० ०००० ०००० ०००२ नेहमी नाकारलं जातंय, रेझरपेच्या टेस्ट मोडमधे "सक्सेस ॲट रेझरपे" (success@razorpay) आणि "फेल्युअर ॲट रेझरपे" (failure@razorpay) असे दोन यूपीआय आयडी ठेवलेत. एवढ्यावर खूप काम होतंय. आणि आरबीआयच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, टोकनच (नंबराच्या जागी दिलेला बदली कोड) ठेवावं लागतंय, तर त्याचीही एक टेस्ट करा: सगळ्या टेस्ट चालून संपल्या की लॉग फाइल (सर्व्हर काय काय झालं ते लिहितंय ती) आणि डेटाबेस दोन्हीत सोळा आकडी नंबर शोधायचा आणि तो लूनच्या फॉर्म्युलात (कार्ड नंबरचे आकडे बरोबर आहेत का तपासायचं गणित) बसला तर बिल्ड लाल, म्हणजे नापास. लॉगमधे कार्ड नंबर मुद्दाम कोणी टाकत नाही, एरर आली म्हणून पूर्ण रिक्वेस्ट प्रिंट केली की तो आपोआप जाऊन पडतोय.

खोटा गेटवे स्वतः बनवा

गेटवेचा सँडबॉक्स (खरे पैसे न हलवणारं त्यांचं टेस्टचं सर्व्हर) चांगला असतोय पण त्याला "पैसे घे आणि उत्तर न देता गप्प बस" असं सांगता येत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच सांगायचंय. म्हणून एक छोटा सर्व्हर लिहा जो गेटवेसारखा वागतोय आणि टेस्टने सांगितलं तसं बिघडतोय. वायरमॉक घ्या नाहीतर पायथनमधे फ्लास्कवर स्वतः लिहा, एका दुपारचं काम आहे. त्याला एवढं तरी जमलं पाहिजे: नीट उत्तर देणं, नकार देणं, पैसे नोंदवून मग कनेक्शन तोडणं, उत्तराला हवा तेवढा उशीर लावणं, ५०० नंबरची (सर्व्हर बिघडल्याची) एरर देणं, आणि वेबहुक (गेटवेने आपणहून पाठवलेला निरोप) दोनदा किंवा उलट्या क्रमाने पाठवणं. शिवाय स्वतःच्या वहीत किती वेळा पैसे घेतले ते लिहून ठेवणं, कारण टेस्ट शेवटी त्या वहीलाच विचारणार की बाबा नक्की किती वेळा कापलेस.

खऱ्या सँडबॉक्सवर मग थोड्याच टेस्ट ठेवा, गेटवेने त्यांच्या उत्तराचा फॉरमॅट बदलला तर कळावं एवढ्यापुरत्या. ब्राउझर उघडून बटणं दाबणाऱ्या टेस्ट त्याहून कमी. त्या हळू चालतात आणि सारख्या मोडतात.

अडकलेलं पेमेंट

ही पहिली टेस्ट. कोडच्या आधी अशी साध्या मराठीत लिहून काढा आणि दुकानाच्या मालकाला वाचून दाखवा:

नाव: पैसे गेले, उत्तर आलं नाही
सुरुवात: ४८० रुपयांची ऑर्डर, खोट्या गेटवेला सांगून ठेवलंय की पैसे घे आणि कनेक्शन तोड
घडतंय काय: गिऱ्हाईक पे दाबतोय, आपला सर्व्हर ३० सेकंद वाट बघून सोडून देतोय
लगेच दिसलं पाहिजे: ऑर्डर पेंडिंग, माल राखून ठेवलेला, स्क्रीनवर "पुन्हा पैसे भरा" हे बटण नाही
घड्याळ १० मिनिटं पुढे: आपला जॉब (ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्राम) गेटवेला चौकशी करतोय, गेटवे म्हणतोय पैसे आलेत
आता दिसलं पाहिजे: ऑर्डर पेड, पावती एक, एसएमएस एक, गेटवेच्या वहीत वसुली एक

टेस्टचं नाव कोडमधेही मराठीत ठेवलं तर चालतंय, पायथन ३ ला फंक्शनच्या नावात देवनागरी चालते, फक्त सुरुवातीचं "टेस्ट" पायटेस्टला (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) रोमन अक्षरात लागतंय. लाल झालेल्या यादीत "पैसे गेले उत्तर आलं नाही" असं दिसलं की नवीन आलेल्या पोरालाही काय मोडलंय ते लगेच कळतंय.

घड्याळ पुढे सरकवायचं म्हणजे खरोखर दहा मिनिटं थांबायचं नाही. कोडमधे "आत्ता किती वाजले" हा प्रश्न एकाच जागी विचारायचा आणि टेस्टमधे ती जागा आपल्या ताब्यात घ्यायची, पायथनला फ्रीझगन आहे, बाकी भाषांतही तसलं काहीतरी मिळतंय. ज्या टेस्टमधे स्लीप (खरोखर थांबायला लावणारी कमांड) आहे ती टेस्ट कधीतरी उगीच लाल होणार आणि मग लोक तिच्याकडे बघायचंच सोडणार.

आता हिचीच बहीण, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑर्डरची मुदत १५ मिनिटं ठेवलीय, मुदत संपली, तुमच्या सिस्टीमने ऑर्डर रद्द करून माल दुसऱ्याला विकायला मोकळा केला, आणि सोळाव्या मिनिटाला गेटवेकडनं निरोप आला की पैसे जमा. काय करायचं? माल शिल्लक असेल तर ऑर्डर जिवंत करायची की सरळ रिफंड? याचं उत्तर प्रोग्रामरने मनानं ठरवायचं नाही, मालकाला विचारायचं, कारण तोंड त्याला द्यावं लागतंय. उत्तर काहीही असू दे पण टेस्टमधे ते स्पष्ट पाहिजे, आणि ऑर्डर रद्द झालीय तरी पैसे आपल्याकडेच पडून राहिले असं कधीच होता कामा नये. ही टेस्ट मुदतीच्या दोन्ही बाजूंनी लिहा, एक सेकंद आधी आणि एक सेकंद नंतर.

तिसरी गोष्ट मोबाइलची. गिऱ्हाईक तुमच्या साइटवरनं यूपीआय ॲपमधे जातोय, फोनमधे रॅम कमी असली की अँड्रॉइड मागचं ब्राउझर मारून टाकतंय, माणूस परत येतोय तर पान नव्याने लोड होतंय. जर ऑर्डरची माहिती फक्त त्या पानाच्या मेमरीत असेल तर त्याला कार्ट रिकामी दिसणार नाहीतर परत पे चं बटण दिसणार. प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) ही टेस्ट सोपी आहे, पे दाबून झालं की पान बंद करायचं, त्याच लॉगिनने नवीन पान उघडायचं, आणि तिथं सर्व्हरकडनं आलेली खरी स्थिती दिसते का बघायचं. प्लेराइटमधे नेटवर्क ऑफलाइन करून परत चालू करताही येतंय, म्हणजे जंगलातली बस ऑफिसात बसून चालवता येते.

दोनदा पैसे कापले जाऊ नयेत

रेंज नसली की माणूस बटण दोनदा दाबणारच, त्याचा दोष नाही. प्रत्येक पेमेंटच्या प्रयत्नाला एक आयडेम्पोटन्सी की (त्या प्रयत्नाचा स्वतःचा वेगळा नंबर) द्यायची, तीच की परत आली तर नवीन वसुली न करता जुनंच उत्तर द्यायचं. बरेच जण याची टेस्ट एक रिक्वेस्ट, मग दुसरी रिक्वेस्ट अशी ओळीने लिहितात आणि ती पास होते, पण खरी गडबड एकाच क्षणी दोन आल्या की होते, दोन्ही रिक्वेस्ट "आधीचं पेमेंट आहे का" विचारतात, दोघींना "नाही" उत्तर मिळतंय आणि दोघी पैसे घेतात. म्हणून टेस्टमधे एकाच वेळी दहा-वीस रिक्वेस्ट सोडा आणि मग खोट्या गेटवेची वही बघा, तिथं एकच नोंद पाहिजे. पास होत नसेल तर डेटाबेसमधे त्या की वर युनिक इंडेक्स (तीच की दुसऱ्यांदा लिहूच न देणारा नियम) टाका, कोडमधल्या नुसत्या इफने हे सुटत नाही. रिफंडलाही हेच, आणि रिफंडला अजून एक: तुकड्या-तुकड्यात दिलेल्या रिफंडची बेरीज मूळ रकमेच्या वर कधी जाता कामा नये.

वेबहुक

वेबहुक म्हणजे गेटवे स्वतःहून तुमच्या सर्व्हरला निरोप देतोय ते. निरोप दोनदा येऊ शकतोय, उशिरा येऊ शकतोय, क्रम उलटा होऊ शकतोय, अजिबात न येऊही शकतोय. प्रत्येकाची एकेक टेस्ट. दोनदा आला तर इव्हेंटच्या आयडीवरनं ओळखायचा आणि दुसऱ्यांदा काही करायचं नाही, तरी उत्तर २०० चंच (म्हणजे "मिळालं") द्यायचं नाहीतर गेटवे परत परत पाठवत बसतंय. "कॅप्चर्ड" (पैसे घेतले) आधी आणि "ऑथराइज्ड" (बँकेने मंजूर केले) नंतर आलं तर स्थिती मागे जाता कामा नये.

सहीची टेस्ट मात्र नीट वेळ देऊन लिहा. रेझरपे वेबहुकच्या मजकुरावर एचएमएसी शा-२५६ ने (गुप्त शब्द वापरून मजकुराचा शिक्का काढायची पद्धत) सही करतंय, वेबहुकचं सीक्रेट वेगळं आणि एपीआय की चं सीक्रेट वेगळं, हे दोन अदलाबदल होतात म्हणून सही जुळत नाही हे नेहमीचंच. पण आपल्या भागात एक दुसरीच गंमत घडते. सही कच्च्या मजकुरावर असते, म्हणजे जसे बाइट आले तसेच. काही जण आधी जेसन (निरोप ज्या फॉरमॅटमधे येतोय तो) पार्स करतात आणि परत स्ट्रिंग बनवून त्यावर सही तपासतात. नाव इंग्रजीत असेल तर कधीकधी ते जुळूनही जातंय. नाव देवनागरीत किंवा कन्नडमधे असलं की पायथनचं जेसन डंप्स आणि पीएचपीचं जेसन एन्कोड दोन्ही आपणहून त्या अक्षरांचे एस्केप कोड (अक्षराच्या जागी \u0915 सारखा नंबर) करून टाकतात, बाइट बदलतात, सही चुकते, वेबहुक नाकारला जातोय. म्हणजे इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याची ऑर्डर व्यवस्थित आणि मराठीत किंवा कन्नडमधे नाव लिहिणाऱ्याची अडकून पडलेली, आणि ऑफिसात कोणालाच कारण सापडत नाही. तुमच्या टेस्ट डेटात "टेस्ट युजर" हे एकच नाव इंग्रजीत असेल तर आजच बदला, मराठी नावं घाला, कन्नड लिपीतली घाला, जोडाक्षरं असलेली घाला, पत्त्यात इमोजी घाला. मायएसक्यूएल डेटाबेसचं जुनं यूटीएफ-८ इमोजी घेत नाही, त्याला utf8mb4 वालं लागतंय, तेही इथंच सापडेल.

सही बरोबर आहे म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. निरोपातली रक्कम आणि ऑर्डरची रक्कम जुळते का, करन्सी तीच का, ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाची का, हे तपासणारी टेस्ट पाहिजेच. १ रुपया भरून ४८० चा माल नेता येतोय का हे दुसऱ्या कुणी करून बघायच्या आत आपण बघायचं.

पैशाचं गणित, आणि सीमेचं

रक्कम पूर्णांकात, पैशांमधे ठेवा, रुपयांच्या दशांशात नाही. जावास्क्रिप्टमधे १९.९९ ला १०० ने गुणा, १९९९ येत नाही, १९९८.९९९९९९९९९९९९८ येतंय, आणि पुढे पूर्णांक करताना अपूर्णांक कापला की एक पैसा गेला.

आता आमच्याकडचा प्रश्न. बेळगावातल्या दुकानाचा माल हुबळीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा, अर्धा-अर्धा), चंदगडला किंवा कोल्हापूरला गेला तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यासाठी, एकत्रच). चंदगड इथनं हुबळीपेक्षा जवळ आहे पण राज्य दुसरं. एकूण टक्के तेच म्हणून लोक टेस्ट लिहीत नाहीत, पण राउंडिंग बघा: १००.२० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ५.०१, आयजीएसटी असेल तर तेवढाच. तोच कर अर्धा-अर्धा केला तर २.५०५ आणि २.५०५, दोन्ही वर राउंड केले की २.५१ अधिक २.५१, म्हणजे ५.०२. एक पैशाचा फरक, पण गेटवेकडे पाठवलेली रक्कम आणि बिलातली रक्कम जुळत नाही आणि मघाशी सांगितलेली रक्कम जुळवायची तपासणीच चांगलं पेमेंट नाकारू लागते. म्हणून कर एकाच जागी काढायचा आणि तिथनंच बिल आणि गेटवे दोघांना द्यायचा, आणि टेस्टमधे हजारो रकमा टाकून बघायचं की तुकड्यांची बेरीज एकूण रकमेएवढी येते का. पायथनमधे हायपोथिसिस ही लायब्ररी अशा रकमा स्वतः तयार करून देते.

राज्य कुठलं ते गावाच्या नावावरनं ठरवू नका. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. दोन्ही खानापूर टेस्ट डेटात ठेवा, दोघांचा कर वेगळा आला पाहिजे. बेळगाव आणि बेळगावी दोन्ही स्पेलिंगांनी पत्ता आला तरी एकच शहर धरलं पाहिजे, २०१४ ला नाव बदललं तरी लोक दोन्ही लिहितात.

तारखेचंही एक. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी पेमेंटं आदल्या दिवसात जातात. १ एप्रिलला रात्री दोन वाजता आलेलं पेमेंट सर्व्हरला ३१ मार्चचं वाटतंय आणि बिल जुन्या आर्थिक वर्षात जाऊन बसतंय. घड्याळ आपल्या ताब्यात आहेच, तेवढी एक टेस्ट टाका.

स्क्रीनवर काय वाचायला मिळतं

ह्याची टेस्ट कोणी लिहीत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतंय. पेंडिंग झालं की "पैसे कापले असतील तर पुन्हा भरू नका, आम्ही बँकेकडे चौकशी करतोय" हे वाक्य गिऱ्हाइकाने निवडलेल्या भाषेत दिसलं पाहिजे. निपाणीतल्या आजींना मराठी वाचता येतंय, बैलहोंगलच्या काकांना कन्नड, आणि नेमकी एररची वाक्यं भाषांतर करायची राहिलेली असतात म्हणून दोघांना इंग्रजी दिसतंय, दोघे घाबरून परत पैसे भरतात. टेस्ट सोपी आहे: पेमेंटच्या प्रत्येक स्थितीसाठी मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत मजकूर आहे का, आणि कुठं रिकामा किंवा इंग्रजीवर पडत असेल तर बिल्ड लाल. एसएमएसची लांबीही मोजा, इंग्रजीत एका मेसेजमधे १६० अक्षरं बसतात पण मराठी-कन्नडमधे ७० च, त्यामुळे ऑर्डर नंबर आणि रक्कम वाक्याच्या सुरुवातीलाच घ्या.

रोज चालवायचं कसं

गणिताच्या आणि खोट्या गेटवेच्या टेस्ट प्रत्येक पुशला (कोड वर चढवला की प्रत्येक वेळी), गिटहब ॲक्शन्स किंवा जे वापरताय त्यावर. सँडबॉक्सच्या रात्री एकदा. एखादी टेस्ट कधी लाल कधी हिरवी होत असेल तर परत चालवून हिरवी करून घेऊ नका, पेमेंटमधे अशी टेस्ट बऱ्याच वेळा दोन रिक्वेस्टची खरी टक्कर दाखवत असते, तिला धरून बसा.

ज्यांची सिस्टीम आधीच चालू आहे आणि एकही टेस्ट नाही त्यांनी ह्या क्रमाने घ्या: अडकलेलं पेमेंट, एकाच वेळी दोन क्लिक, वेबहुकची सही मराठी नावासकट, मग पैशाचं गणित. एवढं झालं की लाइव्हवर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक छोटा जॉब लावा, आदल्या दिवशीची गेटवेची यादी आणि आपल्या ऑर्डरची यादी समोरासमोर ठेवायची, आणि जिथं पैसे आहेत पण ऑर्डर नाही अशी प्रत्येक ओळ मालकाच्या मोबाइलवर पाठवायची, गिऱ्हाइकाचा फोन यायच्या आत मालकाने त्याला फोन करावा म्हणून.